टॉर्च तपासणीत ‘सीएमव्ही पॉझिटिव्ह’ आले आहे: हा विषाणू घरात केव्हा आला, हे कसे ओळखावे?

चिमणघर, शनिवार सकाळ

नमस्कार. इंदुरात लोकमान्यनगर भागात मी गेली १९ वर्षे पाळणाघर चालवते. सध्या दहा महिन्यांपासून साडेतीन वर्षांपर्यंतची १४ मुले माझ्याकडे असतात. माझ्या सुनेला गर्भारपणाचा आठवा आठवडा चालू आहे. पहिल्याच भेटीत सांगितलेल्या रक्ततपासण्यांत ‘टॉर्च’ नावाचा एक संच होता. त्याच्या अहवालात सायटोमेगॅलोव्हायरसच्या, म्हणजे सीएमव्हीच्या, दोन ओळी आहेत: आयजीजी पॉझिटिव्ह, आणि आयजीएम बॉर्डरलाइन पॉझिटिव्ह. बाकी सर्व ठीक आहे.

अहवाल मोबाइलवर आला काल रात्री, आणि डॉक्टरांची वेळ आहे सोमवारची. मधल्या वेळात नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी फोनवर ‘असे मूल ठेवू नये’ असे सांगून टाकले, तेव्हापासून सून कोणाशी बोलत नाही. मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसले तेव्हा एवढे कळले, की हा विषाणू लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत असतो. आता माझे दिवस कसे जातात ते सांगते. साडेदहाला आमच्याकडे पोहे असतात. दीड वर्षाचा एक मुलगा तोंडातला शेव लागलेला घास काढून मोठ्या मायेने माझ्या तोंडात कोंबतो, आणि मी तो गिळते, कारण न गिळल्यास तो भोकाड पसरतो. सून सुट्टीच्या दिवशी मदतीला येते आणि मुलांच्या वाटीत उरलेले पोहे त्याच चमच्याने उभ्या उभ्या खाते. दिवसातून लंगोट किती बदलले जातात, त्याची तर मोजदादच नाही.

हा विषाणू मीच घरात आणला का? आणि तसे असेल तर पुढे काय? कोणी जाणकार असल्यास कृपया लिहावे.

सूक्ष्मदर्शी, शनिवार दुपार

चिमणघरताई, मी सूक्ष्मजीवशास्त्राचा निवृत्त अध्यापक आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. त्यामुळे पुढचे सारे सोमवारी डॉक्टरांना नेमके काय विचारावे यासाठी आहे, निदान म्हणून नाही.

आधी ती पहिली ओळ मनातून काढून टाका. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे या विषाणूची आणि शरीराची आयुष्यात कधीतरी गाठ पडलेली आहे, एवढेच. भारतात प्रौढ स्त्रियांपैकी दहात नऊजणींहून अधिक जणींची ही ओळ पॉझिटिव्ह येते, आणि बहुतेकींना हा संसर्ग लहानपणीच झालेला असतो. तुमची तपासणी केली तर तुमचीही येईल, आणि ज्या बाईंनी फोनवर निकाल देऊन टाकला त्यांचीही येण्याचीच शक्यता जास्त.

घोटाळा करते ती दुसरी ओळ. आयजीएम ही प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) नव्या संसर्गात लवकर दिसतात हे खरे आहे. पण सीएमव्हीच्या बाबतीत ती कित्येकदा महिनोन्महिने टिकून राहतात, जुना विषाणू पुन्हा जागा झाला तरी डोके वर काढतात, आणि दुसऱ्याच एखाद्या विषाणूच्या संसर्गात चुकीने पॉझिटिव्ह दिसतात, असेही घडते. म्हणून केवळ आयजीएमच्या, तेही काठावरच्या आयजीएमच्या, आधारावर गर्भपाताची भाषा करणे शास्त्राला धरून नाही.

खरा प्रश्न विषाणू आहे की नाही हा नसून तो केव्हा आला हा आहे. त्यासाठी ‘आयजीजी अॅव्हिडिटी’ नावाची तपासणी असते. नव्या संसर्गानंतर तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूला सैल धरतात, आणि जसजसे आठवडे जातात तसतशी त्यांची पकड घट्ट होत जाते. प्रयोगशाळेत ही प्रतिपिंडे विषाणूच्या प्रथिनांवर बसू देतात आणि मग युरियाच्या द्रावणाने धुतात. सैल धरलेली निघून जातात, घट्ट धरलेली टिकतात, आणि किती टिकली त्यावरून पकडीचा आकडा ठरतो. पकड घट्ट निघाली तर संसर्ग निदान तीन ते चार महिन्यांपूर्वीचा, म्हणजे तुमच्या सुनेच्या बाबतीत गर्भधारणेच्या आधीचा, असे म्हणता येते. सैल निघाली तर तो अलीकडचा असण्याची शंका घ्यावी लागते. ही तपासणी आताच करण्यात अर्थ आहे. पाचव्या महिन्यात केली आणि पकड घट्ट आली, तरी पहिल्या तिमाहीत काय घडले याचे उत्तर त्यातून मिळत नाही. कालच्या रक्तातील रक्तद्रव प्रयोगशाळेने ठेवला असेल तर पुन्हा सुई टोचण्याचीही गरज नाही, तेव्हा आजच फोन करून विचारा.

या ‘केव्हा’ला इतके महत्त्व का, तर आईला संसर्ग पहिल्यांदाच गर्भारपणात झाला तर तो बाळापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण ३० ते ४० टक्के असते, आणि संसर्ग जुना असेल तर तेच प्रमाण सुमारे एक टक्क्यावर येते. पोहोचला तरी प्रत्येक बाळाला इजा होतेच असे नाही. संसर्ग घेऊन जन्मलेल्या दहा बाळांपैकी साधारण एकातच जन्मतः लक्षणे दिसतात.

साशंक, शनिवार दुपार

सूक्ष्मदर्शी सरांचा मान राखून विचारतो. दहातील नऊजणींना जे आहे त्याला रोग तरी का म्हणायचे? आमच्या आजीला सात मुले झाली, तिच्या काळी टॉर्च म्हणजे बॅटरी एवढेच ठाऊक होते. मला तर हा सारा तपासण्यांचा बाजार वाटतो. जो विषाणू घराघरांत पिढ्यान्पिढ्या राहतो आणि कोणाचे काही बिघडवत नाही, त्याला शोधायचेच कशाला?

पेट्रीडिश, शनिवार संध्याकाळ

मी मूळची इंदूरची, सध्या बाहेरगावी विषाणूंवर संशोधन करते. साशंकजींच्या प्रश्नात ‘पिढ्यान्पिढ्या राहतो’ हे शब्द फार अचूक आले आहेत. ते कसे घडते, तेवढे आधी सांगते.

सीएमव्ही हा हर्पिस कुळातला विषाणू आहे. माणसाला होणारे या कुळातले नऊ विषाणू ज्ञात आहेत: ओठावरच्या पुटकुळ्यांचा, जननेंद्रियांवरच्या फोडांचा, कांजिण्यांचा, ग्रंथिज्वराचा एपस्टाइन-बार, हा सीएमव्ही, आणि आणखी चार. यांच्यातील समान सवय अशी, की एकदा शरीरात शिरले की ते जन्मभर तिथेच राहतात. शरीराने त्यांना हरवले तरी हाकलता येत नाही. विषाणूचा डीएनए पेशीच्या केंद्रकात एका बंद कड्यासारखा पडून राहतो, नवे विषाणूकण तयार होत नाहीत, आणि प्रतिकारयंत्रणेला दिसावे असे जवळजवळ काहीच पृष्ठभागावर येत नाही. जागा मात्र प्रत्येकाची वेगळी असते. ओठाचा विषाणू चेहऱ्याच्या चेतातंतूंच्या गाठीत बसतो, कांजिण्यांचा पाठीच्या कण्यालगतच्या गाठींत, एपस्टाइन-बार स्मृती साठवणाऱ्या बी पेशींत. सीएमव्हीने निवडलेली जागा आहे अस्थिमज्जा. रक्तपेशींना जन्म देणाऱ्या पेशींत आणि त्यांच्यापासून होणाऱ्या मोनोसाइट पेशींत तो झोपून असतो. ही मोनोसाइट ऊतींमध्ये जाऊन मोठी भक्षक पेशी झाली, की त्या बदलाबरोबर तो जागा होऊ शकतो.

जागा झाल्यावरही तो लपण्यात तरबेज आहे. संसर्ग झालेली पेशी आपल्या आत काय चालले आहे त्याचे तुकडे पृष्ठभागावर मांडते आणि टी पेशी ते पाहून तिला मारतात. सीएमव्ही ही मांडणारी प्रथिने वर येण्याआधीच आतल्या आत मोडून टाकतो. मग पृष्ठभाग रिकामा दिसला की दुसऱ्या प्रकारच्या पहारेकरी पेशींना संशय येतो, म्हणून त्यांच्यासाठी तो खोटे, हुबेहूब दिसणारे प्रथिन बाहेर लावतो. एवढे सगळे करायला जनुके लागतात, आणि मानवी हर्पिस विषाणूंत सर्वांत मोठा जनुकसंच याचाच आहे, सुमारे २ लाख ३५ हजार अक्षरजोड्यांचा. प्रतिकारशक्तीही याला कमी लेखत नाही. संसर्ग असलेल्या प्रौढाच्या रक्तातील स्मृती-टी पेशींपैकी सरासरी दहावा हिस्सा या एकट्या विषाणूवर नजर ठेवण्यात गुंतलेला असतो.

नावाचा अर्थ ‘मोठ्या पेशीचा विषाणू’. १८८१ मध्ये ह्यूगो रिबर्ट या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने मृत जन्मलेल्या बाळाच्या मूत्रपिंडात फुगलेल्या पेशी पाहिल्या होत्या. केंद्रकात गडद गोळा आणि भोवती मोकळे वलय असल्याने त्या घुबडाच्या डोळ्यासारख्या दिसतात. विषाणू प्रत्यक्ष हाती लागला १९५६-५७ मध्ये, अमेरिकेत तीन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे, आणि त्यांपैकी एक असलेल्या थॉमस वेलर यांनी त्याला आजचे नाव दिले.

रामबागेतला, शनिवार रात्र

अवांतर वाटेल, पण विचारतो. मागच्या वर्षी मला कमरेवर नागीण उठली होती. शेजारच्या आजींनी गेरूचा लेप लावायला सांगितला आणि ‘दोन्ही टोके जुळू देऊ नकोस, तोंड आणि शेपूट भेटले की माणूस दगावतो’ असेही बजावले. मी रोज आरशात टोकांमधले अंतर मोजत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. ही नागीण याच कुळातली ना? मग मला दिलेले असायक्लोव्हिर या सीएमव्हीला का चालत नाही?

सूक्ष्मदर्शी, शनिवार रात्र

अजिबात अवांतर नाही. ‘हर्पिस’ हा शब्दच सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे, म्हणजे आपल्या आणि त्यांच्या पूर्वजांना त्वचेवर एकच गोष्ट दिसली. टोके जुळत नाहीत याचे कारण असे, की विषाणू कण्याच्या एका बाजूच्या एका गाठीतून निघतो आणि त्या चेतातंतूच्या पट्ट्यातच उतरतो. तो पट्टा शरीराच्या मध्यरेषेवर संपतो. क्वचित दोन्ही बाजूंना नागीण उठते ती प्रतिकारशक्ती फार ढासळलेल्या माणसात, आणि त्याला धोका असतो तो त्या ढासळण्याचा. गेरूने काही बिघडत नसेल, पण औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले पाहिजे, आणि लेपांच्या नादात नेमका तोच वेळ जातो.

या नागिणीवरून या कुळाचे मर्म उमगले ते एका लहानशा शहरातल्या डॉक्टरला. एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडमधले साधे कुटुंबवैद्य. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांपैकी येल या लहानशा बेटावर त्यांनी नागीण आणि कांजिण्यांच्या नोंदी तपासल्या. गोवर अशा बेटावर टिकत नाही. सगळ्यांना होऊन गेला की तो विझतो आणि पुढे बाहेरून कोणी आणावा लागतो, कारण अखंड चालू राहायला त्याला काही लाखांची वस्ती लागते. कांजिण्या मात्र तिथे टिकून होत्या. आजोबांच्या कमरेवर नागीण उठते, तिच्या फोडांतून नातवाला कांजिण्या होतात, नातवाकडून बाकीच्या पोरांना, आणि मग विषाणू त्यांच्या चेतागाठींत पन्नास वर्षे गप्प बसतो. नागीण म्हणजे जुन्याच कांजिण्या पुन्हा जाग्या होणे, हे मत त्यांनी १९६५ मध्ये सविस्तर मांडले आणि पुढे ते खरे ठरले.

म्हणजे गोवराला गाव लागते, हर्पिस कुळाला एक घर पुरते. सीएमव्हीचे तर याहून सोपे आहे, त्याला नातू होईपर्यंत थांबावेही लागत नाही. ज्या आईत तो आहे तिच्या अंगावरच्या दुधात तो बाळंतपणानंतर बहुधा जागा होतोच. बाळाला दुधातून मिळतो, आणि ते बाळ पुढे महिनोन्महिने, कधी काही वर्षे, लाळेतून व लघवीतून तो बाहेर टाकत राहते, तेही खेळत-बागडत, अंगात तापाचा मागमूस नसताना. पाळण्यातल्या भावंडाला तो त्याच्याकडून मिळतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला दुधातून आलेल्या विषाणूने सहसा काही होत नाही, कारण आईची प्रतिपिंडे त्याच्याकडे आधीच पोहोचलेली असतात. म्हणून चिमणघरताई, पुढे कोणी ‘अंगावर पाजू नका’ म्हणाले तर ऐकू नका. फार अपुऱ्या दिवसांच्या, दीड किलोच्या आतल्या बाळाची गोष्ट निराळी, तिथे बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

असायक्लोव्हिरचे पेट्रीडिश सांगतील.

पेट्रीडिश, रविवार सकाळ

असायक्लोव्हिर गोळीत असते ते निष्क्रिय रूपात. त्याला धार लावते ती विषाणूचीच एक विकर (एन्झाइम), आणि म्हणून निरोगी पेशीला ते फारसे बोचत नाही. नागिणीच्या विषाणूकडे ही विकर आहे, सीएमव्हीकडे नाही. सीएमव्हीकडे दुसरी एक आहे, ती गॅन्सिक्लोव्हिरला चांगली धार लावते, म्हणून त्याच्यावर ते औषध. पण दोन्ही औषधे डीएनएच्या नव्या प्रती निघू देत नाहीत एवढेच. जो कडे होऊन झोपला आहे तो प्रती काढतच नाही, तेव्हा त्याला यातले काहीच लागू पडत नाही.

साशंक, रविवार सकाळ

म्हणजे हे कूळ आहे. खटला जिंका, ताबा मिळत नाही.

आईचे देणे, रविवार दुपार

साशंकजींच्या ‘कोणाचे काही बिघडवत नाही’ या वाक्यापाशी मी थांबलो, म्हणून लिहितो. सहा वर्षांपूर्वी आईने मला मूत्रपिंड दिले. शस्त्रक्रियेआधी दोघांचीही सीएमव्हीची आयजीजी तपासली, दोघांचीही पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, हे त्यातल्या त्यात बरे. दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह असला तर धोका सर्वांत मोठा असतो, कारण ज्या शरीराने हा विषाणू कधी पाहिलाच नाही त्यात तो थेट अवयवातून जातो, आणि तेही प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असताना.

मला तीन महिने व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर दिले. ते थांबल्यावर दोन महिन्यांनी बारीक ताप येऊ लागला, जुलाब सुरू झाले, जेवण समोर आले की नको वाटे. एका ठिकाणी ‘व्हायरल आहे, चार दिवसांत उतरेल’ म्हणून परत पाठवले. विषाणू होताच, पण चार दिवसांत उतरणारा नव्हता. माझ्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पांढऱ्या पेशींचा आकडा पाहिला आणि त्याच दिवशी रक्तातील सीएमव्हीची पीसीआर मोजणी पाठवली. पुढचे तीन आठवडे शिरेतून औषध. त्यात पेच असा, की हा विषाणूही पांढऱ्या पेशी कमी करतो आणि त्याचे औषधही, त्यामुळे दर तिसऱ्या दिवशी रक्त देऊन कोणामुळे काय घटते आहे याचा अंदाज घ्यावा लागे.

जागा झालेला विषाणू माझा जुना होता की आईच्या मूत्रपिंडातून आलेला, असे मी विचारले होते. आई खुर्चीत बसली होती, ती म्हणाली, ‘दोन्ही माझेच. एकदा दुधातून दिला, एकदा किडनीतून.’ डॉक्टर हसले, पण चूक आहे असे म्हणाले नाहीत.

माहेर देवास, रविवार रात्र

लिहू की नको असा विचार करत होते. माझा मुलगा आता सात वर्षांचा आहे. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या श्रवणाची चाचणी झाली आणि दोन्ही कानांपुढे ‘पास’ लिहून मिळाले. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

दीड वर्षाचा असताना रंगपंचमीला आम्ही राजवाड्याजवळ नात्यातल्यांच्या गच्चीवर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला गेलो होतो. ज्यांनी इंदूरची गेर पाहिली आहे त्यांना तो आवाज सांगायला नको. ढोल, भोंगे, टँकरवरच्या रंगाच्या तोफा, खालून हजारो माणसांचा गलका. तो माझ्या मांडीवर गाढ झोपला होता. सगळे म्हणाले, किती शांत पोर आहे. त्याचा तळहात गच्चीच्या लोखंडी कठड्याला टेकलेला होता आणि कठडा थरथरत होता, हे मला फार नंतर आठवले.

निदान झाले तेव्हा तो सव्वादोन वर्षांचा होता. एका कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते, दुसऱ्यानेही कमी, आणि तेही घटत चालले होते. तज्ज्ञ म्हणाल्या, आनुवंशिक कारणे वगळली तर मुलांच्या बहिरेपणाचे सर्वांत मोठे कारण जन्मजात सीएमव्ही आहे, आणि त्यात जन्मतः नीट असलेले श्रवण पुढे काही वर्षांत जाऊ शकते. पण आता सिद्ध करता येणार नाही. बाळाच्या लघवीत किंवा लाळेत विषाणू जन्मापासून २१ दिवसांच्या आत सापडला तरच तो पोटातून आला असे म्हणता येते. त्यानंतर सापडला तर दुधातून आला की घरातून, हे कोणी सांगू शकत नाही. त्या २१ दिवसांत मी बारशाच्या याद्या करत होते.

आता एका कानाला कॉक्लिअर इम्प्लांट आहे आणि तो दिवसभर बडबड करतो. मला दुःख याचे आहे, की मला कोणी हा शब्दच सांगितला नव्हता.

साशंक, सोमवार सकाळ

ताई, मी जे ‘बाजार’ म्हणालो ते तुमच्या लिहिण्यानंतर तसेच ठेवणे बरे दिसत नाही. पण मग मला आता उलटा प्रश्न पडतो: असे असेल तर प्रत्येक गर्भवतीची तपासणी सक्तीची का नाही?

सूक्ष्मदर्शी, सोमवार सकाळ

कारण आपल्याकडे आईच्या तपासणीतून फारसे कळतच नाही. जिथे निम्म्या स्त्रिया निगेटिव्ह असतात अशा देशांत ‘आधी निगेटिव्ह, आता पॉझिटिव्ह’ हा बदल पकडता येतो. आपल्याकडे जवळजवळ सगळ्याच आधीपासून पॉझिटिव्ह, मग आयजीएमच्या धुरळ्यात घबराट तेवढी हाती लागते. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांवर सरसकट टॉर्चचा मारा करणे मला तर सरळ चुकीचे वाटते.

आणि इथे एक गोष्ट लपवू नये. जुना संसर्ग असलेल्या आईकडून बाळाला विषाणू जाण्याचे प्रमाण सुमारे एक टक्का, असे मी लिहिले. पण अशा आयांची संख्याच एवढी प्रचंड आहे, की आपल्याकडे जन्मजात संसर्ग असलेली बहुसंख्य बाळे याच आयांची असतात. कधी तिचा स्वतःचा विषाणू जागा होतो, कधी त्याच विषाणूचा वेगळा वाण बाहेरून येतो. आधीचा संसर्ग बरेच संरक्षण देतो, संपूर्ण देत नाही. म्हणून लक्ष आईच्या रक्तावरून बाळाच्या लघवीवर नेले पाहिजे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २०१९ पासून नवजात श्रवणतपासणीला जोडून, आणि अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने २०२३ पासून, प्रत्येक नवजात बाळाच्या रक्ताच्या वाळवलेल्या थेंबावर ही तपासणी सुरू केली. जन्मतः लक्षणे असलेल्या बाळांना पहिल्या महिन्यात औषध सुरू करून सहा महिने दिले तर पुढचे श्रवण आणि वाढ काहीशी सुधारते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आहे. गर्भारपणाच्या सुरुवातीला खरोखर नवा संसर्ग झालेल्या आयांना व्हॅलासायक्लोव्हिर मोठ्या मात्रेत दिल्यास बाळापर्यंत पोहोचणे कमी होते, हे २०२० च्या इस्रायलमधील अभ्यासातून पुढे आले. तो निर्णय तज्ज्ञांचाच. लस अजून नाही. अनेक दशके प्रयत्न चालू आहेत, आणि २०२५ मध्ये एका एमआरएनए लसीनेही शेवटच्या टप्प्यात निराशाच केली.

चिमणघर, गुरुवार रात्र

उशीर झाला, क्षमा असावी. डॉक्टरांनी सोमवारी शांतपणे सगळे ऐकले आणि अॅव्हिडिटीची तपासणी ठेवलेल्या नमुन्यावरच करून घेतली. आज अहवाल आला: पकड घट्ट आहे. संसर्ग या गर्भारपणाच्या आधीचा आहे, असे त्या म्हणाल्या, आणि नेहमीच्या सोनोग्राफी चालू ठेवायला सांगितल्या. सून दुपारी चार दिवसांनी नीट जेवली. मीच आणला का, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. डॉक्टरांनी तिलाच विचारले, ‘तुम्ही लहानपणी कोणाचे उष्टे खाल्ले?’ ती म्हणाली, ‘सगळ्यांचेच.’

पाळणाघरात तिने यायचे बंद करावे का, आणि मी मुलांच्याही तपासण्या करून घ्याव्यात का?

पेट्रीडिश, गुरुवार रात्र

मुलांच्या तपासण्या करू नका. दोन वर्षांच्या आतली इतकी मुले एकत्र असतात तिथे काहींच्या लाळेत हा विषाणू असणारच. कोणाला वगळणार? वगळलेल्या मुलाच्या आईचे काय होईल, याचाही विचार करा. आणि सुनेला बंदी घालण्याचे कारण दिसत नाही. या विषाणूभोवती मेदाचे वेष्टन असते, ते साबणाने विरघळते, त्यामुळे साधा साबण आणि पाणी पुरते. लंगोट बदलल्यावर, नाक पुसल्यावर, घास भरवल्यावर तिने हात धुवावेत. चमचा, वाटी, पेला आणि दात घासायचा ब्रश वेगळा ठेवावा. मुलाचा मुका ओठांवर न घेता कपाळावर घ्यावा. खेळण्यांवर आणि मेजावर तो काही तास तग धरतो, तेवढे दिवसातून दोनदा पुसून घ्या. उरलेल्या पोह्यांसाठी मात्र तिला नवा चमचा घ्यायला लावा.

चिमणघर, शुक्रवार सकाळ

आजपासून पोह्यांच्या पातेल्याशेजारी मोठ्यांचे स्टीलचे चमचे वेगळ्या डब्यात ठेवले आहेत आणि मुलांचे रंगीत तसेच आहेत. दीड वर्षाच्या त्या गृहस्थाने आज पुन्हा घास पुढे केला. माझ्यापुरता मी तो घेतला, १९ वर्षांत त्याचे जे व्हायचे ते होऊन गेले असेल. सुनेकडे वळला तेव्हा तिने त्याचाच हात धरून तो घास त्याच्याच तोंडात परत घातला. तो क्षणभर बघत राहिला आणि मग खाऊन टाकला.

माहेर देवास ताई, तुमचे लिहिणे सुनेने दोनदा वाचले. तिची तारीख मार्चच्या मध्याची आहे. बाळाच्या लघवीचा नमुना कसा आणि कशात घ्यायचा, हे कोणी सांगेल का? म्हणजे मी सामान आधीच आणून ठेवते.

माहेर देवास, शुक्रवार दुपार

चिकट कडा असलेली लहान पिशवी मिळते, ती नर्सच लावून देतात. त्यातून निर्जंतुक डबीत ओतून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवायची आणि ‘सीएमव्ही पीसीआर’ असे स्पष्ट लिहून मागायचे. लाळेचा फाया घेतला तर दूध पाजून एक तास होऊ द्यावा, नाहीतर दुधातलाच विषाणू तपासणीत येतो, आणि पॉझिटिव्ह आले तरी लघवीने खात्री करून घ्यावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जन्माच्या दिवसापासून २१ दिवस मोजून त्या चौकटीवर खूण करा. पण थांबू नका, रुग्णालयातून घरी यायच्या आतच देऊन टाका. आणि जन्मतः ‘पास’ मिळाले तरी, तपासणीत विषाणू सापडला तर शाळेत जाईपर्यंत दर काही महिन्यांनी कान तपासत राहावे लागेल, तेही डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.